भिंतीपलीकडची भट्टी

मल्हारगंजात आमच्या न्हाणीच्या भिंतीला
ऐन वैशाखात ओल आली.
रशीदभाईंनी फरशी उचकटली.
नळ कोरडा, जोड घट्ट.
"पाइप नहीं टपक रहा, बाईजी," म्हणाले,
आणि पैसेही घेतले नाहीत.

भिंतीपलीकडे साहूंची जिलबीची भट्टी,
रोज पहाटे चारपासून,
तेरा वर्षं.

माती तपासण्यात माझी नोकरी गेली,
तरी हे कळायला तीन रात्री लागल्या.
भट्टीखालची काळी माती तापते,
कणाकणांत अडकलेलं पाणी वाफ होऊन
रिकाम्या फटींतून गारव्याकडे सरकतं,
आमच्या पायाशी येऊन पुन्हा पाणी होतं.
त्यातलं थोडं, कणांना धरून,
केसाहून पातळ,
उलट भट्टीकडे निघतं.
पोचतं किती, कोण जाणे.

चिंब मातीत वाफेला वाट नसते.
ठणठणीत कोरडीकडे धाडायला काही नसतं.
चालतं ते अर्धवट ओलीतलं.

साहूंना सांगितलं तर हसले,
"भाभीजी, आंच तो ऊपर जाती है."
मग काय वाटलं, त्यांनीच
भट्टीलगतची एक फरशी काढली.
खाली माती राखाडी, भेगाळलेली.
बोट घातलं, तर पेरभर आतही ऊनच.

ते काही बोलले नाहीत. मीही नाही.
निघताना पाव किलो बांधून दिली, गरम.
घरी येईतो पिशवीला आतून थेंब धरले होते,
माझा हात नव्हता
त्या बाजूला.