पटावरचं पस्तिसावं

कौलांच्या भट्ट्यांपासून सुरुवात करतो आम्ही,
मी आणि चोपडे बाई,
मेच्या शेवटच्या आठवड्यात, उन्हं चढायच्या आत.
हातात अंगणवाडीतून उतरवून आणलेली यादी :
सहा वर्षं पूर्ण, एकूण एकोणतीस.
त्यातली बावीस आधीच पिवळ्या बसची झालीत.

"सगळं फुकट आहे," मी सांगते,
"पुस्तकं, गणवेश, बूट, दूध, अंडं."
"म्हणूनच की बाई," आतून कुणीतरी म्हणतं,
"फुकटाचं ते कसलं असायचं?"
चोपडे बाई हसतात. मला अजून जमत नाही.

खानापुरात ही शाळा एके काळी दोन पाळ्यांत भरायची.
आता सात वर्ग, दोन खोल्या, चौतीस पोरं.
तिसऱ्या खोलीत मोडकी बाकं
आणि मागच्या मतदानाचे पुठ्ठ्याचे आडोसे.

हिरेमठ सर तपासणीला आले तेव्हा
पाचवीच्या मष्णूनं धडा घडाघडा वाचला,
पान दुसरंच उघडून.
सरांना मराठी वाचता येत नाही.
शेऱ्यात त्यांनी लिहिलं : उत्तम.
लिपी कन्नड, शब्द दोन्हीकडं तोच.
मी काही बोलले नाही.
सातवीचा निकालही शंभर टक्के लागला.
बसली होती चार.

वैजयंता घाडी माझीच विद्यार्थिनी,
नऊचा पाढा तिला मी चिंचोक्यांवर शिकवला.
तिनं चटई झटकून टाकली, कोकम सरबत दिलं.
पोराच्या गळ्यात टाय, शाळा उघडायच्या आधीच,
इलॅस्टिकचा. ओढून सोडत होता तो, फट्, फट्.
"बाई, राग मानू नका," ती म्हणाली,
"तुमची मुग्धा कुठल्या शाळेत होती?"
सरबत संपलं होतं.
तरी मी पेला तोंडाला लावला.

मुग्धा बेळगावला, कॉन्व्हेंटात.
पावणेसातच्या बसला तिचा डबा देऊन
मी इकडं फळा पुसायला यायचे,
आणि मातृभाषेवरचा निबंध सांगायला.
आता पुण्याहून फोन करते, म्हणते,
आई, जोडाक्षर आलं की मी अजून थांबते.

शेवटचं घर भट्टीच्या मागं. घर कसलं, चार पत्रे.
कल्लव्वा, गदगकडून आलेली, माती तुडवायला.
तिला मराठी नाही, मला कन्नड कामापुरतं.
कन्नड शाळा रुळांपलीकडं,
आमची इथून, चिखलात उभं राहिलं तरी दिसते.
तेवढंच तिनं हात करून दाखवलं.
"पोरगी नजरेसमोर राहील म्हणूलालीय," चोपडे बाई म्हणाल्या.

नाव रेणव्वा. जन्मतारीख : जत्रेच्या दुसऱ्या दिवशी.
मातृभाषा, कन्नड.
माध्यम, मराठी.
पेन गळत होतं, दोन्हींवर शाई पसरली.
पस्तीस.

"आणि हिला शिकवणार कसं ओ बाई?"
चोपडे बाईंनी हळूच विचारलं.
मी यादी घडी घालत बसले.

रेणव्वा माझ्या पिशवीत वाकून बघत होती.
"तत्ती?"
"अंडं विचारूलालीय."
"अंडं," मी तिला म्हणाले, सावकाश,
एक एक अक्षर सुटं करून.
तिनं मान हलवली, नाही.
"तत्ती," ती म्हणाली,
माझ्याहून सावकाश.