कानाडोळा

साओ लुईसमध्ये, जुन्या बंदराच्या चढावर
अनिसियोचा फोटो स्टुडिओ आहे.
मागच्या खोलीत मी बसते. एकोणीस वर्षं.
शाळांचे फोटो माझ्याकडे येतात:
तेच टेबल, तोच प्लास्टिकचा पृथ्वीगोल,
मागे तोच हिरवा-पिवळा झेंडा,
आणि खुर्चीवर दर वेळी दुसरंच मूल,
हात टेबलावर ठेव म्हटलं म्हणून ठेवलेले.

माझं काम शेंबूड पुसायचं, कॉलर सरळ करायची.
आणि, "जरा स्वच्छ कर, वाल्देलिसे."
स्वच्छ म्हणजे काय ते पहिल्या आठवड्यातच कळलं.
पडद्यावर एक पट्टी असते. ती उजवीकडे सरकवायची.
दोन घरं. कुणाकुणाला चार.
अनिसियो स्वतः माझ्याहून काळा.
पट्टीचे पैसे वेगळे घेत नाही,
पाकिटातच धरलेले असतात.

तक्रार कधी आली नाही.
सकाळच्या कार्यक्रमातली ताई
मक्याच्या कणसासारखे केस उडवत
काचेतून मुलांना मुके पाठवते,
आणि बालवाडीच्या नाटकात देवदूत कोण होणार
हे कुणी न सांगताच ठरतं.
आमच्या केसांना इथे 'वाईट' म्हणतात,
जणू त्यांनी कुणाचं काही चोरलंय.

मंगळवारी एक बाई आली. सोबत मुलगी,
जुसियारा, वय सात, दुसरी ब.
बाईला फोटो फार आवडला होता,
आणखी दोन प्रती हव्या होत्या,
त्यातली एक साओ पाउलोच्या नणंदेला.
मुलगी काउंटरला हनुवटी टेकून फोटो बघत होती,
हरवलेली वस्तू ओळखायला बोलावल्यासारखी.
"पडलेला दात माझा आहे," ती म्हणाली.
"रिबन ताईची."
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, "कान माझे आहेत.
पण ते हिच्याकडे कसे?"

आई हसली. वेडी आहे, म्हणाली.
मी फोटो ओढून दिव्याखाली धरला.
खरंच. चेहरा, मान, टेबलावरचे हात,
सगळं दोन घरं पुढे निघून गेलेलं
आणि दोन्ही कान मागेच राहिलेले,
भाजलेल्या काजूच्या रंगाचे,
शाळेच्या फाटकाशी विसरलेल्या भावंडांसारखे.

नाकीडोळी नीटस आहे हो, म्हणतात बायका.
कानांचा हिशोब कुणी विचारत नाही.
चाळिसातली ती शेवटची होती, मला भूक लागली होती,
कानांकडे कानाडोळा झाला माझा.
अख्ख्या फोटोत तेवढीच चूक,
आणि तेवढीच जागा खरी.

"कानही तसेच करून द्या ना," आई म्हणाली.
वाईट मनाने नाही.
तिचा हात सगळा वेळ मुलीच्या डोक्यावर होता,
सुटलेली बट वेणीत खोचत.
मी बरं म्हटलं.
एकोणीस वर्षांत किती कपाळं उजळली मी,
आणि त्या पोरीकडे उजळ माथ्याने बघता येईना.

रात्री घरी माझा फोटो काढला,
अठ्ठ्याहत्तर सालचा, हाताने रंगवलेला.
गाल पेरूच्या गरासारखे गुलाबी.
कान शोधले.
केसांखाली नीट झाकलेले.
तो रंगारी माझ्याहून सावध होता,
किंवा आई.

बुधवारी दोन प्रती केल्या, कान उजळून.
तिसरी कुणी मागितली नव्हती.
पट्टी शून्यावर आणली, तर हात जड वाटला,
पाण्यातून काही वर ओढावं तसा.
ती पुठ्ठ्यामागे सरकवली, पाकिटाच्या तळाशी.
सापडेल, न सापडेल.

अनिसियोने संध्याकाळी कागद मोजले.
"एक जास्त गेला."
"खराब झाला," मी म्हटलं,
आणि दुसरी कचे फोटो उघडले.
पहिलाच मुलगा.
कान, काय सांगू,
झाकण नीट न बसलेल्या पातेल्यासारखे
दोन्हीकडून बाहेर.