ओव्हनवाला शितोळे

मी बडोद्याचे पिझ्झे पाठीमागून ओळखतो.
पाटीवरून नाही, दिव्यांवरून नाही,
ओव्हन भिंतीपासून ओढला की
मागे जे सापडतं त्यावरून:
कोळसा झालेला मका, एक ऑलिव्ह,
मागच्या दिवाळीचं बिल,
आणि एकदा, अलकापुरीत, साखरपुड्याची अंगठी.
(ती परत केली. साखरपुडा तोवर मोडला होता.)

फोन येतो, "शितोळेभाई, ओव्हन ठंडो थई गयो."
मी स्कूटरला पेटी बांधतो.

वाघोडिया रोडवर अनलिमिटेड आहे.
पैसे एकदाच, पुढचं पोट ठरवील.
तिथे ओव्हन गारठला म्हणजे आणीबाणी.
होस्टेलची पोरं टेबलं बडवतायत,
एकाचे सतरा तुकडे झालेत,
अठराव्यासाठी तो उभा राहून पट्टा सैल करतोय.
कडा कुणी खात नाही.
ताटांच्या काठाला कडांचे ढीग,
कापून ठेवलेल्या नखांसारखे.
मालक गल्ल्यावरून ते न्याहाळतो, मला हळूच सांगतो,
"पहिल्याच फेरीत कड खातो ना,
तो बाहेरगावचा."

कारेलीबागेत दोन ओव्हन, दोन सुऱ्या,
जैन बाजूला हिरवी चिकटपट्टी.
पट्टी ओलांडायची तर माझा पान्हासुद्धा धुवून.
त्या दिवशी नेमकी हिरवी बाजू बंद,
आणि कोपऱ्यात शांतिलालकाका, वय नव्वदीला टेकलेलं,
डोक्यावर टोपी, पुढ्यात रिकामी बशी.
सूर्यास्ताला एकोणीस मिनिटं.
त्यानंतर त्यांच्या तोंडात पाणीही जात नाही.
बारा मिनिटं माझी गेली, थर्मोकपल बदलण्यात.
पाच ओव्हनची.
उरलेल्या दोन मिनिटांत
काका खिडकीकडे बघत, फुंकर न घालता,
चार घास खाऊन हात जोडून उठले.
जीभ पोळली असणार.
मी आजवर एवढ्या घाईत, एवढ्या शांतपणे
जेवणारा माणूस बघितला नाही.

दांडिया बाजारात आपले वैशंपायन
थालीपीठ पिझ्झा करतात.
मी म्हटलं, हे थालीपीठच, वर फक्त कुंकू फासलंय.
ते रागावले. मग लोणी वाढलं.

नवरात्रात मला झोप नाही.
रात्री दीडला गरबा सुटतो
आणि सगळं फतेगंज भुकेनं चालत येतं.
चनिया-चोळीच्या आरशांत
ओव्हनचा लाल दिवा शंभरदा पेटतो,
एका पोरीच्या बांगड्यांत चीजची तार अडकलेली,
ती तशीच टाळ्या देतेय, पायातल्या फोडांसकट,
आणि मी ओव्हनखाली आडवा,
मला दिसतात फक्त पाय.
पायांनाही ताल सोडवत नाही.

घरी जाताना मांडवीच्या अलीकडे
दलपतभाईंची लारी लागते.
तिथे ओव्हनच नाही.
तवा, तव्यावर उपडं पातेलं,
आणि खाली उतरवल्यावर, गॅस बंद करून,
वर किसलेल्या चीजचा डोंगर.
कच्चा. गार. खाताना नाकाला लागतो.
वीस वर्षांत त्यांनी मला एकदाही बोलावलं नाही.
बिघडेल असं त्यांच्याकडे काही नाही.

मी विचारलं, वितळवत का नाही?
"वितळलं की गिऱ्हाईक म्हणतं, घातलंच किती?
असं बरं. ज्याला मोजायचंय त्यानं मोजावं."

मी मोजलं नाही. खाल्लं.
मग पातेल्याची मूठ डुगडुगताना दिसली.
खिशातला छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला,
दोन पेच आवळले.
ते काही बोलले नाहीत.
किसणी उचलली
आणि माझ्या उरलेल्या तुकड्यावर
पुन्हा किसायला लागले.