घर ओढण्याचा दिवस

वाल्दिव्हियात रात्रीचे अडीच. प्रयोगशाळेत मी एकटी,
आणि उंदराच्या गर्भातल्या मेंदूची एक चकती
उबेत ठेवलेली.
दर पाच मिनिटांनी यंत्र एक फोटो काढतं.

पडद्यावर एक पेशी, हिरवी.
तिनं एक लांब हात वर काढलाय,
मेंदूच्या सालीकडे चाचपडणारा.
हात पुढे जातो, अंग जागेवरच.
केंद्रक, घरातलं सगळ्यात जड सामान,
बसून राहतं.

मग एक हिसका.
पुढच्या फोटोत ते थोडं वर.
मग पुन्हा काही नाही. चहा निवतो.

मी सात वर्षांची असताना लेमुय बेटावर
आम्ही आमचं घर हलवलं.
सामान नाही. घर.
फळ्यांच्या भिंती, खिडक्या, चूल, चुलीवरची काजळी.
दर हिवाळ्यात समुद्र एक पायरी खात होता,
आणि टेकडीवर काकाची जमीन मोकळी होती.

बाबांनी मिंगा बोलावली. मिंगा म्हणजे इर्जिक:
मजुरी कुणी मागत नाही, कुणी देऊ करत नाही,
बैल घेऊन येतात, जेवून जातात.
बैलांच्या अकरा जोड्या आल्या.
घराखाली ओंडके सारले, दोर बांधले,
आबेलिनो कार्कामो पुढे उभा राहिला, काठी वर,
आणि ओरडला.

घर करकरलं. हातभर सरकलं. थांबलं.

आत आई बसली होती, मांडीवर नोल्बेर्तो.
तीन वर्षांचा झाला तरी मान धरत नव्हता,
म्हणून त्याला उतरवलं नाही.
खिडकीतून तो आमच्याकडे बघत होता,
किंवा बघत नव्हता.

पुएर्तो मोंतच्या डॉक्टरनं आईला फोटो दाखवला होता:
"मेंदूला घड्या नाहीत, बाई. गुळगुळीत आहे."
आई दुसऱ्यांचे कपडे धुवून इस्त्री करायची.
तिनं विचारलं, "मग कधी पडतील?"

आता मला दोर दिसतो.
सूक्ष्मनलिका म्हणतात त्याला, आणि ओढणाऱ्याला डायनीन.
पाऊल आठ नॅनोमीटरचं, कधी दुप्पट,
कधी चक्क उलटं, गाळात पाय रुतल्यासारखं.
तेही फुकट राबत नाही, खाल्ल्याशिवाय पाय उचलत नाही.
एकट्याच्यानं केंद्रक हलत नाही. जोड्या लागतात.
आणि जोडीला जू, जुवाला शिवळ:
एक छोटं प्रथिन, ओझ्याखाली पकड सुटू न देणारं.

नोल्बेर्तोला ते निम्मंच मिळालं.
एका जनुकात एक अक्षर चुकलं, एवढंच.
बैल होते, दोर होता,
शिवळा अर्ध्याच.
त्याच्या पेशी निघाल्या होत्या, हे मला आईला सांगायचं होतं.
हात वर काढून निघाल्या होत्या सगळ्या,
वाटेत थांबल्या.
मी शिकले तोवर आई राहिली नव्हती.

आमचंही घर त्या दिवशी पोचलं नाही.
अंधार पडला, एका बैलाचा खूर फुटला,
आबेलिनोनं काठी टेकली. "उद्या," म्हणाला.
सगळे शिंपले, बटाटे, डुक्कर खाऊन,
सफरचंदाची चिचा पिऊन आपापल्या घरी गेले.
आमचं घर बार्रीआंच्या बटाट्याच्या शेतात,
ओंडक्यांवर, जरा डावीकडे कललेलं.

आईनं चूल पेटवली. धुराड्यातून धूर निघाला,
जसा कुठल्याही घरातून निघतो.
दूध उतू जाऊ नये म्हणून तिनं भांड्याखाली चमचा सारला.
नोल्बेर्तो त्या रात्री हसला. का, माहीत नाही.
घर कललेलं होतं म्हणून असेल,
तो सारखा माझ्या अंगावर घरंगळत होता.

नऊ वर्षं जगला. अकॉर्डियन ऐकला की तोंड उघडायचा.
अर्ध्या वाटेवर थांबलेल्या त्या पेशी
तिथंच चूल पेटवून बसल्या असणार.

तीन वाजायला पाच कमी.
हिरव्या पेशीचा हात अजून वर, केंद्रक जागीच.
मी दिवा मालवत नाही.
पुढचा फोटो येईल आता.