स्टेपनी

शृंगारतळीला नाझिम चौगुल्यांच्या दुकानात
भिंतभर चाकं टांगलेली.
काळी, राखाडी,
आणि एक तांब्याच्या रंगाचं, आठ आऱ्यांचं;
साईल त्याच्यासमोरून हलेना.

मी सोबत पुठ्ठ्याचा तुकडा नेला होता.
जीपचं चाक काढून, त्या जागी दाबून धरलेला.
ग्रीसचे पाच ठिपके.
नाझिमभाईंनी तो उजेडात नेला, पट्टी लावली,
साडेपाच इंचांचं वर्तुळ.
म्हणाले, "जमतंय बाई. तुमच्यात म्हणतात ना,
छत्तीस गुण."

मग विचारलं, गाडी चालते कुठे?
असगोलीच्या वाळूत, म्हटलं. होड्या ओढते.
मागची दोन चाकं पाण्यात,
टायरांतली हवा निम्मी सोडलेली,
आणि दोरखंड ताणला की सगळी गाडी कण्हते.
होड्या नसतील तेव्हा सड्यावर.
काजूबियांची पोती, जांभा, खड्डे.

ते थोडा वेळ बोललेच नाहीत.
मग म्हणाले, अलॉय हलकं. दिसायला तर काय, बघताच आहात.
पण जांभ्यावर आपटलं तर तडकेल.
स्टील वाकेल. वाकलेलं ठोकून घेता येतं.
"पण गंजेल,"
हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं
की मला वाटलं माझ्याबद्दलच बोलतायत.
"आणि अलॉयला खारं लागत नाही?"
"लागतं की. उशिरा. पांढऱ्या पुळ्या येतात."

साईलला चाकं बाहेर काढलेली हवी होती,
मडगार्डच्या चार बोटं पुढे.
त्याने गाडीला छाती येते, म्हणे.
मी म्हटलं, छाती येते
आणि चिखल दारावर, बेअरिंगावर भार,
आणि स्टेअरिंग ओढायला माझा डावा खांदा,
तो तर मागच्याच पावसात गेलाय.
"मी चालवीन ना."
एकोणीस वर्षांचा आहे. चालवीलही.
म्हणून चार स्टीलची घेतली, साधी, आत बसणारी,
आणि पाचवं त्याला म्हटलं, तुझं तू बघ.

तीन स्टीलच्या पैशांत ते एक आलं.
नाझिमभाईंनी पुडीत पाच नट वेगळे बांधून दिले.
"अलॉयची बसणी निराळी. हेच लागतील. जपा."

तेव्हापासून आमच्या जीपच्या पाठीवर
ते तांब्याचं चाक.
लिलावाच्या बायका विचारायच्या,
"परात कुणाच्या लग्नाची गो?"
दिवाळीपर्यंत खालच्या चारांना नटांपाशी तांबूस कडा आल्या.
साईल धुवायचा मात्र ते पाचवंच,
विहिरीच्या पाण्याने, जुन्या बनियनने,
जमिनीला एकदाही न टेकलेलं.

चैतात पालशेतच्या सड्यावर
अकरा पोती, रात्रीचे नऊ,
उजवं मागचं टायर जांभ्याने कापलं.
साईल जवळजवळ खूश झाला.
स्टेपनी उतरवली, जॅक लावला, फाटकं चाक काढलं
आणि म्हणाला, "आये, नट?"

डॅशबोर्ड. सीटखाली. पोत्यांमागे.
मला सगळं आधीच आठवलं होतं,
पण त्याला शोधू दिलं.
दसऱ्याला मीच ती पुडी पूजेत ठेवली होती,
कोयत्याशेजारी, हळदकुंकू वाहून.
तिथेच राहिली.

मोबाईलला रेंज नाही.
तो काही बोलला नाही, बॅटरी घेतली
आणि पायवाटेने उतरला, चार मैल जायला, चार यायला.
त्याचा उजेड बराच वेळ दिसत होता, मग नाही.

बसायला दगड होते, पण विंचवांची भीती.
मी ते चाक आडवं टाकलं आणि त्यावर बसले.
गार होतं. मजबूत होतं, खरं सांगायचं तर.
खालून समुद्र ऐकू येत नव्हता, नुसता वारा.
उठताना जरासं सरकलं,
कर्र वाजलं.

बोटाने चाचपून बघितलं:
एका आरीवर, नखाएवढा ओरखडा.
त्यावर थुंकी लावून पदराने पुसला.
विचारलंच तर सांगेन,
दुकानातूनच तसं आलं होतं.