साडेचारशे मिलिसेकंद

मालन डुबल कॅसेट घेऊन आल्या
तेव्हा ती दुधाच्या धुतलेल्या पिशवीत होती,
पिशवी पदराआड,
आणि पदराला अजून पाटणच्या एसटीचा वास.
"लग्नाची आहे. चौऱ्याण्णव सालची.
लेकीला बघायचीय. मोबाईलवर येईल न्हवं?"

बुरशी पुसली. फीत दोनदा अडकली.
तिसऱ्यांदा कॉम्प्युटरनं सगळं गिळलं:
मांडव, वाजंत्री, उंब्रजचं तापलेलं दुपारचं ऊन.
फाइल उघडली तर
माणसं बोलत होती आत्ताचं
आणि ऐकू येत होतं मघाचं.

नारळ फुटला. गप्प.
पाणी जमिनीत मुरायला लागलं,
मग 'फट्'.
भटजींचं तोंड मिटलेलं, सावधान चालूच.
मामा हसून पुढच्या पाहुण्याकडे वळले,
हसू मात्र मागच्याच पाहुण्यापाशी उभं.

जे दाबला की आवाज अलीकडे येतो,
के दाबला की पलीकडे जातो,
दर खेपेला पन्नास मिलिसेकंद.
नारळावर नजर ठेवून
मी जे दाबत गेलो, नऊ वेळा,
तेव्हा कुठं करवंटी आणि 'फट्' एका जागी आले.

साडेचारशे.
हा आकडा माझ्या ओळखीचा.
लहानपणी कराडच्या घाटावर बसलं
की समोर, सैदापूरच्या बाजूला
एक बाई धुणं आपटायची.
कपडा दगडावर पडायचा,
परत वर जायचा,
आणि तिचा हात हवेत असताना
इकडं यायचं 'धप्प'.
मला वाटायचं, बाईच्या हातातच बिघाड आहे.
पुढं शाळेत कळलं
की दीडशे मीटर नदी ओलांडायला
एवढा वेळ लागतोच.
उजेडाचं काय, निघाला की पोचला.
आवाज बिचारा पायी.

म्हणजे मालनबाईंचं लग्न
त्या काठावर लागत होतं
आणि आम्ही दोघं या काठावर,
पंख्याखाली, प्लास्टिकच्या खुर्च्यांत.

सुरुवात जुळली. चहा सांगितला.
पण अक्षतांना जुळलेलं पंगतीत सुटलं.
जिलबी ताटात पडली, खाऊनही झाली,
आणि मग आग्रह:
"घ्या की हो, एकच."
आता नुसतं ढकलून भागणार नव्हतं.
अख्खा आवाजच आवळायला हवा,
बाजेची दावण ओढतात तसा,
पायथ्याकडून, थोडा थोडा,
मध्येच बोटानं वाजवून बघत.
चहा गार झाला. बाईंनी माझाही पिऊन टाकला.

पाठवणी आली.
टेंपोच्या दारात नवरी, मळवट घामानं ओघळलेला.
आई रडतेय, आणि रडणं तिच्याच तोंडातून येतंय.
ओठ, हुंदका, बांगड्या, सगळं जिथल्या तिथं.
मी म्हटलं, "झालं बघा काम."

मालनबाई स्क्रीनला नाक लावून.
"हिचं रडणं कुठाय?"
"कुणाचं?"
"माझं की."

मागं गेलो. पुढं गेलो.
आवाजाची पट्टी मोठी करून पाहिली.
आईचं होतं, दोन चुलत्यांचं होतं,
सनईवाल्याचं खोकणंसुद्धा होतं.
हिचं नव्हतं.

मग त्याच हसल्या.
"बरोबर हाय. तिथं आलंच न्हवतं मला.
मल्हारपेठ गेल्यावर आलं.
टेंपोवाला बिडीला काडीपेटी मागत होता, तेव्हा."

मी की-बोर्डवरचा हात काढला.
एवढा उशीर माझ्या प्लेअरमध्ये बसत नाही.

तीनशे सांगितले, अडीचशे दिले.
पेन ड्राइव्ह त्याच दुधाच्या पिशवीत गुंडाळला,
कॅसेटही मागून घेतली, "असू दे," म्हणाल्या.
जिना उतरून रस्ता ओलांडला
आणि पलीकडून वळून काहीतरी बोलल्या.
ओठ दिसले.
मधून उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्या, गाण्यासकट.

मी काच सरकवून उभा राहिलो.
बाई कोपऱ्यावरून वळल्या.
शब्द काही आला नाही,
ट्रॅक्टर मात्र बराच वेळ ऐकू येत होता.