दोन दारं

आंब्रळच्या वाटेवर, कारवीच्या पलीकडे
नेटहाउसला दारं दोन.
पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही,
हे पाटीवर मीच लिहिलं
निळ्या ऑइलपेंटनं. त्यातला ‘घ’ जरा कलला.
मधल्या चार फुटांत पोटॅशचं जांभळं पाणी.
बूट बुडवायचे, शंभरपर्यंत मोजायचं.
सुलाबाई म्हणायची, देवळात शिरताना धुतो तसेच की पाय.
मी म्हणायचो, तसं नाही बाई,
आत देव नाही, पाहुणा आहे,
आणि त्याच्यावर आपला भरवसा नाही.

पाहुणा म्हणजे स्ट्रॉबेरीची मातृरोपं,
समुद्रापलीकडून थंड खोक्यात आलेली.
पान नाही, फूल नाही,
करंगळीएवढं खोड आणि खाली मुळांची दाढी.
दर आठवड्याला मी भिंग घेऊन
एकेका रोपासमोर उकिडवा बसायचो.
पिवळ्या चिकट कागदावरचे फुलकिडे मोजायचो.
खाली सही. सहीखाली मान्यता क्रमांक.
वर्षं झाली. गुडघे गेले, क्रमांक तोच.

आदेश शुक्रवारी सव्वाचारला फोनवर आला,
एकच पान, तिरकं स्कॅन केलेलं.
‘तातडीची बाब म्हणून
सर्व आयात परवाने, विलगीकरण गृहे
व निरीक्षकांच्या मान्यता
पुढील आदेशापर्यंत स्थगित.’
खाली सत्तेचाळीस क्रमांक.
एकतिसावा मी.

आमच्याकडे काही सापडलं नव्हतं.
कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्यात
कुणाला तरी पानाच्या पाठीवर ठिपका दिसला,
शिरांच्या चौकटीत अडकलेला, पाणथळ,
उजेडासमोर धरला की काचेसारखा.
ज्याला दिसला तो चांगला माणूस असणार.
मी त्याच्या जागी असतो तर
मीही हेच कळवलं असतं.
हे मी त्या रात्री स्वतःला तीनदा सांगितलं.

रोपवाटिकेचे मालक, दुधाणे, नऊ वाजता म्हणाले,
साहेब, कालच्या तारखेचा एक शिक्का उमटेल का?
‘नाही’ म्हणालो असतो तर आज बरं वाटलं असतं.
मी म्हणालो, आवाज तुटतोय,
आणि फोन ठेवला.
आवाज तुटत नव्हता.

सोमवारी धुकं इतकं, की पाटीसुद्धा दिसेना.
सुलाबाई बाहेरच्या दाराशी उभी,
पदराखाली तेलाचा रिकामा डबा.
डब्यात माती. मातीत तीन रोपं.
‘गेल्या महिन्यात छाटलेले रनर
तुम्ही जाळायला सांगितलेले.
त्यातले तीन नेले मी.
नातीला दाखवायचं होतं,
झाडाला दोरा फुटतो नि दोऱ्याला झाड.
आता रेडिओवर ऐकलं. ह्याचं काय करू?’

मी ओरडायला हवं होतं.
एवढी दारं, एवढं जांभळं पाणी,
आणि ते गेलं ते पदराखालून!
मी डबा घेतला, भिंग काढलं,
पान उलटं केलं, आभाळाकडे धरलं.
ठिपका नाही.
दुसरं पान. तिसरं. नाही.
‘चांगलंय ना?’ तिनं विचारलं.

हे एवढंच तर येत होतं मला आयुष्यभर,
चांगलंय की नाही, ते सांगणं.
आणि शुक्रवारी सव्वाचारपासून
माझ्या ‘चांगलंय’ला काही किंमत नव्हती.
दिसत होतं तेवढंच, सहीशिवाय.
मी म्हणालो, बाई, मला सांगता येणार नाही.
ती म्हणाली, डोळे का गेले तुमचे?

जाळायचा हुकूम आलेला नव्हता.
ठेवायचाही नव्हता.
डबा मी दोन दारांच्या मधे ठेवला,
जांभळ्या पाण्याच्या कडेला,
आणि बाहेरचं दार ओढून घेतलं.
सुलाबाई रोज येते, जाळीतून बघते,
मला काही विचारत नाही.

नवव्या दिवशी एका रोपाला नवा रनर आलेला,
लालसर, बारीक, टोकाला मिटलेलं पान.
फरशीवरून सरकत तो
दाराखालच्या फटीपाशी पोचला होता.

कुठल्या दाराखालच्या,
ते मी वहीत लिहिलेलं नाही.